सुमनताईंचा हात

सुमनताई आजरेकरांनी चोवीस वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका हॉस्पिटलात फाटक्या चादरी शिवल्या. तळघरातली खोली, खिडकी नाही, एक शिलाई मशीन, आणि रोज सकाळी ढकलगाडीतून येणारा चादरींचा, अभ्र्यांचा, डॉक्टरांच्या हिरव्या अंगरख्यांचा ढीग. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या म्हणायच्या, "हॉस्पिटलमध्ये असते." समोरच्याला वाटायचं, नर्स असतील. सुमनताई त्याचा गैरसमज दूर करायच्या नाहीत. दुसऱ्याची चूक त्याच्या तोंडावर काढायची नाही, हे त्यांचं वळणच होतं. या वळणाने त्यांना शेवटी कुठे नेऊन उभं केलं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

त्यांचे यजमान शशिधरराव अगदी उलट. कोल्हापुरातून इतिहासाची पदवी घेऊन ते १९६५ साली आले, आणि इंग्लंडने त्यांच्या हातात इतिहासाऐवजी बसच्या तिकिटांचं मशीन दिलं. आधी कंडक्टर, मग ड्रायव्हर. पदवीधर माणसाला याचं वाईट वाटलं असणारच, पण ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. उलट एकतीस वर्षं डबल-डेकर अशी चालवली की कधी बाजूचा आरसासुद्धा फुटला नाही. एकही अपघात न केल्याबद्दल मिळालेली लाकडी ढाल त्यांच्या दिवाणखान्यात गणपतीच्या शेजारी होती. घरी आलेल्या माणसाला आधी ढाल दाखवली जायची, गणपती नंतर.

इतिहासाची भूक मात्र त्यांनी दुसरीकडे भागवली. १९७८ साली तिथल्या मराठी मंडळाची पहिली बोटीची सहल निघाली, मार्लोहून विंडसरपर्यंत, थेम्सच्या प्रवाहाबरोबर खाली. त्या दिवशी बोटीवरचा इंग्रज माणूस माइकवर काहीतरी पुटपुटत होता आणि कुणाला कळत नव्हतं. शशिधररावांनी उठून त्याच्या हातातून माइक घेतला, आणि जो घेतला तो तीस वर्षं सोडला नाही. दर ऑगस्टला एका रविवारी ते बोटीच्या पुढच्या बाकावर बसत आणि मराठीत सांगत. हा किल्ला कुणी बांधला, या गावात कोणता राजा आजारी पडला, या देवळाची घंटा कुणी पळवली. त्यातलं निम्मं खरं असायचं. उरलेलं निम्मं खऱ्यापेक्षा जास्त रंगायचं. लोक डबे उघडून पुऱ्या खात आणि माना वळवत, डावीकडे, उजवीकडे, ते सांगतील तिकडे.

सुमनताई त्यांच्या शेजारी बसायच्या, विणकाम घेऊन. त्यांना कुणी कधी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून तोंड उघडलं नाही.

२००४ च्या सहलीत शशिधरराव अडखळले. "आता येईल तो..." म्हणाले आणि थांबले. त्यांच्या डोळ्यांत बरोबर मधोमध एक करडा डाग धरू लागला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण ज्या बाईचं आयुष्य बारीक टाके बघण्यात गेलं तिच्यापासून असली गोष्ट लपते थोडीच? ताटातला लिंबाचा तुकडा ते हाताने चाचपून शोधतात, पेपर उघडतात पण पान उलटत नाहीत, हे तिने केव्हाच पाहिलं होतं. त्या दिवशी बोटीवर तिने विणकाम बाजूला ठेवलं आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर एक बोट टेकवलं. एकदा. शशिधररावांनी मान डावीकडे वळवली, आणि त्यांच्या आवाजाला पुन्हा सूर सापडला.

एक टकटक म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. पुढे यात तिसरी खूण आली, ती शशिधरराव गाडी चालवत असताना. सबंध तळवा गुडघ्यावर दाबला, की थांबा.

या खुणांबद्दल नवराबायकोत एका अक्षराचंही बोलणं झालं नाही. चार वर्षांत झालं नाही. सकाळी वाण्याकडे जाताना, देवळात जाताना, कुणाच्या बारशाला जाताना सुमनताईंचा उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर असायचा. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारपणी काय प्रेम आहे! प्रेम होतंच. पण त्या हाताला घाम फुटलेला असायचा, ते कुणाला दिसत नव्हतं.

डॉक्टरांकडे चला, असं त्या दोनदा म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" आणि ढालीवरची धूळ पुसू लागले.

मग आलं सत्तरावं वर्ष. या देशात सत्तरी झाली की लायसन नव्याने मागावं लागतं. त्यासाठी डोळे कुणी तपासत नाही, घरी फॉर्म येतो. आपल्याला नियमाप्रमाणे दिसतं, असं आपणच त्यात सांगायचं. शशिधरराव म्हणाले, "अगं, तेवढा फॉर्म भर. माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

सुमनताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फॉर्म भरला. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग तो प्रश्न आला. पेन हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. बाहेरून शशिधररावांची शीळ ऐकू येत होती. टिक करा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि करू नका असंही नव्हतं. सुमनताईंनी 'हो'च्या चौकोनात टिक केली आणि सही कुठे करायची ते शशिधररावांच्या बोटाला धरून दाखवलं.

वाईट बाई नव्हे ती. नवऱ्याला 'तुम्हाला दिसत नाही' हे वाक्य म्हणायचं तिच्या जिवावर आलं, बाकी काही नाही. पण चूक ती चूकच, आणि ती तिच्या हातची होती.

हे सोंग पुढे दोन वर्षं चाललं. मग गेल्या मे महिन्यात एका दुपारी कॅव्हर्शमच्या झेब्रा क्रॉसिंगवर एक तरुण बाई बाबागाडी घेऊन उतरली. सुमनताईंनी तळवा दाबला. दाबला म्हणजे काय, सगळ्या अंगाचा भार टाकला. गाडी थांबली. बाबागाडीचं चाक आणि गाडीचा बंपर यांच्यात हातभर अंतर उरलं. ती बाई जागीच उभी राहिली. तिने शशिधररावांकडे बघितलंही नाही. ती काचेतून सुमनताईंकडे बघत होती. जणू तिला माहीत होतं, कुणाचा हात कुठे आहे.

"मी बघितलं होतं तिला," शशिधरराव म्हणाले.

 रात्रभर ते चाक सुमनताईंच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मँचेस्टरला मुलाला, स्वानंदला फोन केला. पण फोनवरसुद्धा धीर झाला नाही. "बाबांना हल्ली जरा कमी दिसतं," एवढंच म्हणाल्या.

"मग तू लिही ना लायसनच्या ऑफिसला. इट्स जस्ट अ लेटर, आई."

"नवऱ्याविरुद्ध पत्र लिहू?"

"विरुद्ध नाही गं. त्यांच्यासाठी."

सुमनताईंनी तीनदा पत्र लिहायला घेतलं. तिन्ही वेळा 'माय हजबंड' एवढं लिहून कागद फाडला.

शेवटी त्यांनी स्वतःशी एक बेत केला. या वर्षी बोटीवर हात ठेवायचा नाही. बोट दुसरा माणूस चालवतो, तिथे कुणाचा जीव जाणार नाही. तिथे ते एकदा सगळ्यांसमोर चुकतील, त्यांचं त्यांना कळेल, आणि आपल्याला ते वाक्य म्हणावं लागणार नाही. बेत भित्र्या माणसाचा होता, हे खरं. पण भित्र्या माणसाला तोच सुचणार.

ऑगस्टमध्ये स्वानंदची नऊ वर्षांची मुलगी दिया सुट्टीत आजी-आजोबांकडे राहायला आली. सहलीच्या सकाळी सुमनताई म्हणाल्या, "आपण ट्रेनने जाऊ या का?"

"ट्रेनने? आजरेकर ट्रेनने आला म्हणून लोक हसतील." शशिधररावांनी किल्ली बोटाभोवती फिरवली. दिया मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. रीडिंग ते विंडसर, वीस मैल, मोटारवेवरून. सुमनताईंचा हात गुडघ्यावरून एकदाही उचलला गेला नाही. उतरल्यावर त्यांना बोटं सरळ करता येईनात. जाताना निभावलं, आता संध्याकाळी हाच रस्ता आणि हीच पोरगी, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

त्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी होते पद्माकर, रीडिंगच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले पंचेचाळिशीचे गृहस्थ, सगळ्यांची मर्जी सांभाळणारे. धक्क्यावर ते धावत आले. "काका, या वर्षी जरा बदल आहे हं. नेहमीची बोट नाही मिळाली. ही इथूनच निघते, कुकमपर्यंत वर जाते आणि परत इथेच. म्हणजे जाताना सगळं उलटं. तुम्हाला चालेल ना?"

"उलटं काय न् सुलटं काय," शशिधरराव म्हणाले. "नदी माझ्या ओळखीची आहे."

बोट सुटली. साठ माणसं, वरच्या डेकवर ऊन. शशिधरराव पुढच्या बाकावर बसले, सुमनताई शेजारी. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि एकात एक घट्ट अडकवले.

 शशिधररावांचा गुडघा किंचित पुढे झाला. तो वाट बघत होता, हे सुमनताईंना कळलं. पण हात उचलला नाही.

"मंडळी," शशिधररावांनी माइक तोंडाशी धरला, "आपली पाठ फिरली आहे आणि किल्ला आपल्याकडे बघतो आहे. मागे वळा, डावीकडे!"

किल्ला मागे, डावीकडेच होता. उन्हात दगड सोन्यासारखे दिसत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग म्हाताऱ्याने कमाल केली. तीस वर्षांची नदी त्यांनी डोक्यात उलटी फिरवली आणि एकेक गोष्ट बरोबर जागी ठेवत गेले. पहिलं लॉक आलं, बोट नदीच्या वरच्या पातळीत चढवायची जागा. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी चढलं की पुढचं दार उघडायचं. लॉक त्यांना दारांच्या करकरीवरून कळलं. ब्रेचं जुनं चर्च त्यांनी घंटेवरून ओळखलं आणि बाजूही अचूक सांगितली. ब्रेच्या अलीकडे उतारावर नवा द्राक्षमळा होता, दोन वर्षांपूर्वीच लावलेला. तो तर त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेलाच नव्हता. गेल्या वर्षी घरी परतल्यावर सुमनताईंनी बोलता बोलता सांगितलं होतं, तेवढंच. "उजवीकडे बघा," ते म्हणाले, "वेलींच्या रांगा कशा लावल्यात! एखाद्या बाईने धावदोरा घालावा तशा सरळ."

ते वाक्य सुमनताईंचं होतं. आपलं वाक्य लाउडस्पीकरवरून ऐकताना त्यांना हसावं की रडावं कळेना. चार वर्षं या माणसाने जे जे पाहिलं, ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आज आपण ते डोळे काढून घेऊन बसलो आहोत.

मेडनहेडच्या रेल्वे पुलाच्या विटांच्या कमानीखाली सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे "मोरया!" म्हणून आरोळी ठोकली, आणि कमानीने ती परत दिली. पुढच्या लॉकपाशी रविवारच्या बोटींची रांग लागली होती. तासभर ताटकळत डबे उघडले गेले. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुणाच्या तरी फसलेल्या चकल्या. जो तो येऊन शशिधररावांना म्हणाला, "काका, उलटी नदीसुद्धा तोंडपाठ!" काका फुलले होते.  सुमनताईंचा बेत फसला होता. संध्याकाळी हेच काका छाती काढून गाडीत बसणार होते.

लॉक संपलं आणि नदीचा सगळ्यात देखणा भाग सुरू झाला. एका बाजूला उंच कडा, गर्द झाडी, आणि झाडीच्या वर क्लिव्हडेनचा तो भलामोठा महाल. दुसऱ्या बाजूला सपाट काठ, वाळुंजाची झाडं आणि गवत. शशिधरराव जेवून, कौतुक ऐकून रंगात आले होते. या महालावर त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट होती, ती त्यांनी तीस वेळा सांगितली होती, आणि तिची सुरुवात ठरलेली होती. जीभ जुन्या वाटेने गेली.

"मंडळी, आता बोलणं बंद करा, आणि डावीकडे वर बघा!"

महाल उजवीकडे होता.

सुमनताईंनी कान टवकारले. आता. आता कुणीतरी म्हणेल, काका, उजवीकडे. काका हसतील, मग गप्प होतील, मग त्यांना कळेल.

साठ माणसांनी माना वळवल्या. डावीकडे. तिथे चार वाळुंज होते आणि एक गाय पाणी पीत होती.

"वा!" कुणीतरी म्हणालं.

"काय भव्य आहे हो!" दुसरं कुणी म्हणालं. एका गृहस्थांनी कॅमेरा काढून गायीचा फोटो घेतला. दियाने उजवीकडे बोट करून "आजी, पण ती पॅलेस इकडे..." म्हणायला तोंड उघडलं, तर मागच्या बाकावरच्या बाईने तिच्या हातात चकली कोंबली. आणि पद्माकर, तोंडभर हसत, त्या गवताकडे बघून म्हणाले, "काका, दरवर्षी बघतो, पण समाधान होत नाही!"

शशिधरराव समाधानाने हसले. "बघा नीट," ते म्हणाले. "त्या वरच्या गच्चीवर ती राणी उभी राहायची..."

सुमनताईंनी वळून लोकांकडे बघितलं. एकेकाने नजर खाली घातली. म्हणजे यांना माहीत होतं! आजचं नव्हे, कधीपासूनच माहीत होतं. सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, आदराने, या माणसाला आंधळं ठेवलं होतं. आणि यांच्यात पहिली कोण, तर आपणच.

त्यांना बाबागाडीचं चाक दिसलं. मग दियाचा सीटपट्टा लावणारा हात दिसला.

"अहो," त्या म्हणाल्या.

"थांब गं, सांगतोय ना."

"अहो, महाल डावीकडे नाही. उजवीकडे आहे. तुम्हाला दिसत नाही."

माइक त्यांच्या दोघांच्या मधे होता. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला चारचौघांत कधी उलटून न बोललेल्या बाईचा आवाज दोन्ही डेकवर, वर आणि खाली, लख्ख ऐकू गेला.

 इंजिन तेवढं चालू होतं.

"काकू, अहो, दोन्हीकडे छानच आहे की," पद्माकर घाईघाईने म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," सुमनताई म्हणाल्या. हेही त्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला म्हणाल्या.

शशिधररावांनी माइक बाकावर ठेवला. ठेवताना तो बाकाच्या कडेवरून खाली पडला, आणि लाउडस्पीकर कर्कश वाजला. ते वाकून शोधायला लागले. त्यांचा हात माइकपासून वीतभर अंतरावर लाकडावर फिरत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि साठ माणसं ते बघत राहिली. कुणी उचलून दिला नाही. सुमनताईंनी उचलला आणि बंद केला.

कुकमला बोट वळली. परतीच्या वाटेवर सगळं जुन्या क्रमाने येत होतं, ज्या क्रमाने ते तीस वर्षं सांगत आले होते, आणि सांगणारं कुणी नव्हतं. महाल डावीकडून गेला. पुलाखाली कुणी मोरया म्हटलं नाही. सुमनताई पाणी आणायच्या निमित्ताने खाली गेल्या तर जिन्यात पद्माकर उभे होते.

"काकू, आम्हाला तीन वर्षांपासून कल्पना होती," ते हळू आवाजात म्हणाले. "पण काकांना सांगायचं कुणी? त्यांचा मान..."

"गेल्या दिवाळीला तुमच्या आईला घरी कुणी सोडलं होतं?"

पद्माकरांनी खाली बघितलं. "काकांनी."

"कल्पना असताना तुम्ही आईला त्यांच्या गाडीत बसवलंत." सुमनताईंनी हातातला पेला जिन्याच्या कठड्यावर ठेवला. "मी तुम्हाला काय बोलू? मी तर फॉर्मवर टिक केली आहे."

त्या वर येऊन पुन्हा आपल्या जागेवर बसल्या. शशिधरराव समोर बघत होते, म्हणजे तोंड समोर होतं. ब्रेचं लॉक मागे पडलं. मग ते म्हणाले, "तो द्राक्षमळा तरी आहे का? की तोही..."

"आहे हो. आत्ताच येतोय. डावीकडे."

"रांगा?"

"रांगा आहेत. पानं मोठी झाली आहेत, त्यामुळे पूर्वीसारखी माती दिसत नाही मधली."

ते ऐकत राहिले. मळा गेल्यावरही बराच वेळ त्यांनी मान तिकडेच ठेवली होती. सुमनताईंना त्यांचा हात धरावासा वाटला. पण आज धरलेला हात पुन्हा खूण झाला असता, म्हणून त्यांनी तो धरला नाही. तो मैलभर त्यांना सगळ्या चोवीस वर्षांच्या तळघरापेक्षा लांब वाटला.

विंडसरला उतरल्यावर लोक खालमानेने पांगले. पद्माकर मागे मागे येत होते. पार्किंगमध्ये शशिधररावांनी खिशातून किल्ली काढली, चाचपत ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आत बसले. दिया मागे बसून पट्टा ओढत होती. शशिधररावांनी किल्ली लावली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. जगात दुसरं कुठे ठेवायचे ते त्यांना माहीत नव्हतं.

सुमनताई आपल्या बाजूच्या दाराशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी मागचं दार उघडलं.

"दिया, उतर."

"व्हाय? आजी, मी बेल्ट लावली."

"उतर बाळ."

दिया उतरली. सुमनताईंनी तिचा हात धरला, दार लावलं, आणि चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या.  ते निघाले तर गाडीपुढे उभं राहायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की ते निघतील.

गाडीत शशिधरराव एकटे होते. शेजारची सीट रिकामी होती.  मग सुमनताईंनी काचेतून बघितलं. शशिधररावांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला, स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला, आणि सबंध तळवा दाबला.

त्यांनी किल्ली काढली. दार उघडून ते बाहेर आले आणि गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. सुमनताई जवळ गेल्या तेव्हा त्यांनी किल्ली पुढे केली. ती थोडी चुकीच्या दिशेला होती, सुमनताईंनी हात लांबवून घेतली.

"उद्या लिही त्या लोकांना," ते म्हणाले. "आणि फॉर्मवरची टिक मी करायला सांगितली होती असं लिही. तुझ्यावर नको यायला."

"तुम्ही नव्हतं सांगितलं."

"कोण विचारतंय? लिही."

"नाही," सुमनताई म्हणाल्या. डोळ्यांना पाण्याची धार लागली होती, पण आवाज स्थिर होता. "आता खोटं नाही लिहायचं."

पद्माकर पुढे आले. म्हणाले, "काका, मी सोडतो तुम्हाला तिघांना. गाडी उद्या कुणीतरी घेऊन येईल." शशिधररावांनी नकारार्थी मान हलवली. ट्रेनने जायचं, असं ते म्हणाले. लोक हसले तर हसू देत.

स्टेशनकडे चढ होता. एका बाजूला दिया, दुसऱ्या बाजूला सुमनताई. वर किल्ला होता, त्याच्या भिंतीवर शेवटचं ऊन होतं. सुमनताईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, उघडपणे, सगळ्या रस्त्यादेखत.

"पायरी आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"किती?"

"तीन."

शशिधररावांनी पाय उचलला.